मॅमोग्राफीतील वेदनेचीही नोंद व्हावी

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार वि. वि.

आपल्या दैनिकाच्या आरोग्य पुरवणीत स्तनाच्या कर्करोगाच्या तपासणीतील नव्या तंत्रज्ञानाविषयीचा लेख वाचला. लेख अभ्यासपूर्ण आहे आणि इतका किचकट विषय सोप्या भाषेत मांडल्याबद्दल लेखकाचे मनापासून आभार मानायला हवेत. मात्र त्यातील एका गोष्टीला मिळालेली जागा मला खटकली. यंत्र किती लहान गाठ टिपते, संगणक चित्र किती लवकर वाचतो, हे सविस्तर सांगून झाल्यावर अगदी अखेरीस ‘ही तपासणी आता पूर्वीपेक्षा कमी त्रासदायक झाली आहे’ असे एक वाक्य येते आणि लेख संपतो. मी अनेक वर्षे मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांच्या क्ष-किरण तपासणीच्या, विभागात तंत्रज्ञ म्हणून काम केले असून आता निवृत्त आहे. ज्या खोलीत ही तपासणी होते त्या खोलीतला माझा अनुभव असा की, रुग्णाला होणारा त्रास हा तपासणीच्या यशाशी थेट जोडलेला असतो. त्याची गणना सोयीसुविधांमध्ये केली की त्याकडे कोणाचेच लक्ष राहत नाही, आणि म्हणूनच हे पत्र थोडे सविस्तर लिहीत आहे.

ज्यांनी ही तपासणी कधी करून घेतलेली नाही त्यांच्यासाठी आधी तिचे स्वरूप सांगते. स्त्री यंत्रासमोर उभी राहते, तिचा स्तन एका सपाट आधारावर ठेवला जातो, वरून पारदर्शक प्लास्टिकचे पॅडल खाली येते आणि काही सेकंद स्तन दाबून धरते. दोन्ही स्तनांची प्रत्येकी दोन, एक वरून आणि एक तिरकी, अशी चार चित्रे सर्वसाधारणपणे घेतली जातात. हा दाब कशासाठी, असा प्रश्न जवळजवळ प्रत्येक स्त्री विचारते आणि तिला त्याचे नीट उत्तर मिळायला हवे. स्तन पसरून पातळ झाला की एकमेकांवर आलेल्या ऊती सुट्या होतात आणि त्यांच्या सावलीत दडलेली गाठ दिसू लागते. जाडी कमी झाल्याने क्ष-किरण कमी विखुरतात, त्यामुळे चित्र स्वच्छ येते आणि किरणांची मात्राही कमी लागते. शिवाय स्तन हलत नाही, हे फार महत्त्वाचे असते, कारण कर्करोगाच्या अगदी सुरुवातीच्या अवस्थेत कधी कधी गाठ नसतेच. असतात ते कॅल्शियमचे कण, मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याएवढे, आणि जरासे हललेले चित्र ते पुसून टाकते. चारही चित्रांत मिळून शरीराला होणारा किरणोत्सर्ग साधारण ०.४ मिलिसीव्हर्ट असतो. निसर्गातून आपल्या सर्वांना सुमारे सात आठवड्यांत एवढा किरणोत्सर्ग मिळतच असतो. दाबामुळे कर्करोग पसरतो ही भीती अनेक स्त्रियांनी माझ्याजवळ बोलून दाखवली आहे. तिला कोणताही आधार नाही.

म्हणजे दाब अनावश्यक आहे असे माझे म्हणणे मुळीच नाही. या तपासणीचा इतिहासही तेच सांगतो. १९१३ मध्ये बर्लिनचे शल्यचिकित्सक अल्बर्ट सॉलोमन यांनी शस्त्रक्रियेने काढलेल्या सुमारे तीन हजार स्तनांची क्ष-किरण चित्रे अभ्यासून कर्करोग चित्रात कसा दिसतो हे मांडले. पण जिवंत रुग्णाचे उपयोगी चित्र मिळण्यास पुढे कित्येक दशके लागली. उरुग्वेचे राउल लेबोर्न यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास स्तन दाबून चित्र घेण्याचा आग्रह धरला आणि कॅल्शियमच्या कणांचे महत्त्व ओळखले, तर १९६०च्या दशकात फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथे शार्ल ग्रो यांच्या प्रयत्नांतून केवळ स्तनांसाठी बनवलेले यंत्र तयार झाले, ज्यात दाब देण्याची सोय यंत्रातच होती. तेव्हापासून दाब हा मॅमोग्राफीचा अविभाज्य भाग आहे. प्रश्न एवढाच आहे की तो किती असावा, कोणी ठरवावा, आणि त्यामुळे स्त्रीला काय सोसावे लागले याची नोंद कोणी ठेवावी.

हा प्रश्न मी इतक्या आग्रहाने मांडते, कारण चाळणी तपासणी, म्हणजे कोणतेही लक्षण नसलेल्या स्त्रियांची तपासणी, ही एकदा करून संपणारी गोष्ट नाही. तिचा लाभ सिद्ध करणारे सर्व मोठे अभ्यास, मग तो १९६३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सुरू झालेला पहिला प्रयोग असो किंवा १९७७ पासून स्वीडनच्या दोन प्रांतांत झालेला, ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा केलेल्या तपासणीचेच आहेत. ब्रिटनमध्ये २०१२ साली एका स्वतंत्र तज्ज्ञ समितीने सर्व पुरावा तपासून निष्कर्ष काढला की, तपासणीसाठी बोलावल्या जाणाऱ्या स्त्रियांमध्ये स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू साधारण २० टक्क्यांनी कमी होतात. समितीचा हिशेब पन्नाशीपासून वीस वर्षे नियमित बोलावल्या गेलेल्या स्त्रियांचा होता. आज ब्रिटनमध्ये दर तीन वर्षांनी बोलावतात. अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कृतिदलाने २०२४ मध्ये ४० ते ७४ या वयात दर दोन वर्षांनी तपासणीची शिफारस केली. म्हणजे एका स्त्रीने आयुष्यात आठ-दहा वेळा, काही ठिकाणी त्याहून जास्त वेळा, स्वतःच्या पायांनी चालत त्या खोलीत यावे अशी आपली अपेक्षा असते. तीही अशा वेळी, जेव्हा तिला कसलाच आजार जाणवत नसतो. ज्याला दुखते आहे तो उपचारासाठी आणखी थोडे दुखणे पत्करतो; धडधाकट माणसाने दुखणे का पत्करावे, हा प्रश्न वेगळा आहे आणि त्याचे उत्तर देण्याची जबाबदारी तपासणी करणाऱ्यांवर आहे.

या दुखण्याचा परिणाम मोजला गेला आहे. मॅमोग्राफीतील वेदना आणि पुन्हा तपासणीला येणे यांचा संबंध तपासणाऱ्या अभ्यासांचा २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला आढावा सांगतो की, दुसऱ्या वेळी न आलेल्या स्त्रियांना थेट कारण विचारले असता त्यांतील २५ ते ४६ टक्के स्त्रियांनी आधीच्या वेळची वेदना हे कारण दिले. हे आकडे वाचून मला आश्चर्य वाटले नाही. तपासणी झाल्यावर काही न बोलता कपडे घालून निघून जाणाऱ्या, आणि पुढील बोलावण्याच्या यादीत नाव असूनही कधीच न येणाऱ्या स्त्रिया आमच्या नोंदवहीत फक्त ‘अनुपस्थित’ म्हणून उरतात. त्या का आल्या नाहीत हे नोंदवहीला ठाऊक नसते. सर्वोत्तम यंत्राने सर्वात लहान गाठ पकडण्याची क्षमता मिळवली, तरी यंत्रासमोर न आलेल्या स्त्रीची गाठ ते पकडू शकत नाही.

आता या बाबतीत तंत्रज्ञानाने काय केले आहे, याविषयी. आपल्या लेखात ज्याला एकच वाक्य मिळाले तो भाग मला सर्वात महत्त्वाचा वाटतो. पूर्वापार पद्धतीत तंत्रज्ञ दाबाचे बल पाहून काम करते. बल न्यूटनमध्ये दाखवले जाते आणि ते २०० न्यूटनपेक्षा जास्त नसावे असा सर्वसाधारण दंडक आहे. पण स्त्रीला जाणवते ते बल नव्हे. ते बल ज्या क्षेत्रफळावर पडते त्यावर तिची वेदना अवलंबून असते. समजा दोन स्त्रियांना सारखेच १४० न्यूटन बल लावले. एकीच्या स्तनाचा पॅडलला टेकलेला भाग १४० चौरस सेंटिमीटर आहे, दुसरीचा त्याच्या निम्मा म्हणजे ७० चौरस सेंटिमीटर. पहिलीच्या स्तनावर १० किलोपास्कल दाब आला, दुसरीच्या स्तनावर २०. यंत्राच्या पडद्यावर दोघींची तपासणी अगदी सारखी दिसते आणि दुसरी स्त्री वेदनेने कळवळली तर तिची सहनशक्ती कमी आहे असा समज करून घेतला जातो. लहान स्तनांच्या स्त्रियांवर हा अन्याय वर्षानुवर्षे होत आला आहे आणि त्याचे मूळ एका साध्या भागाकारात आहे. नेदरलँड्समधील संशोधकांनी नेमके यावरच बोट ठेवले. त्यांनी पॅडलमध्येच टेकलेले क्षेत्रफळ मोजण्याची सोय केली आणि बलाऐवजी दाब प्रमाण मानावा, तो साधारण १० किलोपास्कल असावा, असे सुचवले. पाऱ्याच्या मापात हा दाब सुमारे ७५ मिलिमीटर होतो, म्हणजे निरोगी माणसाच्या रक्तदाबातील खालच्या आकड्याच्या किंचित खाली. एका मर्यादेनंतर पॅडल आणखी आवळले तरी स्तनाची जाडी फारशी कमी होत नाही, वेदना मात्र वाढत जाते, हे तर आम्ही तंत्रज्ञ रोजच पाहत असतो.

दुसरा बदल मला त्याहूनही महत्त्वाचा वाटतो. २०१७ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अशा एका यंत्राला मान्यता दिली ज्यात तंत्रज्ञ स्तन व्यवस्थित ठेवून सुरुवातीचा दाब देते आणि त्यानंतर स्त्री स्वतःच्या हातातील रिमोटने पॅडल पुढे नेते. हे ऐकून पहिली शंका कोणालाही येईल ती अशी की, स्वतःवर सोपवले तर स्त्रिया पुरेसा दाब देणारच नाहीत आणि चित्रे बिघडतील. फ्रान्समधील सहा कर्करोग केंद्रांत सुमारे साडेपाचशे स्त्रियांवर याची रीतसर चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या स्त्रियांनी दाब स्वतः दिला त्यांच्या स्तनांची जाडी तंत्रज्ञाने दाब दिलेल्या स्त्रियांपेक्षा फारशी जास्त राहिली नाही, चित्रांचा दर्जाही टिकला आणि वेदना मात्र कमी नोंदवली गेली. हे वाचून मला मनापासून आनंद झाला, कारण खोलीतील एक जुना अनुभव त्यामागे उभा आहे. वेदना किती होणार आणि कधी थांबणार हे ज्याच्या हातात असते त्याला ती सोसता येते. रिमोटचे यंत्र नसतानाही ज्या तंत्रज्ञ सुरुवातीलाच ‘तुम्ही थांबा म्हणालात की मी लगेच थांबेन’ असे सांगत आणि तसे खरोखर वागत, त्यांच्याकडे स्त्रिया शांतपणे उभ्या राहत.

विश्वासार्ह आढाव्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या कॉक्रेन संस्थेने २००८ मध्ये या उपायांचा धांडोळा घेतला होता. तपासणीपूर्वी तोंडी किंवा लेखी माहिती दिल्याने त्रास कमी होतो, दाबावर स्त्रीचे नियंत्रण असल्याने कमी होतो, मऊ फोमची गादी वापरल्याने कमी होतो, मात्र गादीमुळे थोड्या स्त्रियांची चित्रे बिघडतात. आणि आधी पॅरासिटामॉल घेतल्याने काहीही फरक पडत नाही. या यादीतील पहिल्या उपायाला यंत्र लागत नाही, वीज लागत नाही. लागतो तो तंत्रज्ञाचा वेळ, आणि नेमका तोच तिला दिला जात नाही. एका स्त्रीसाठी ठरलेल्या मोजक्या मिनिटांत कपडे बदलणे, जुनी चित्रे शोधणे, चार वेळा स्थिती जुळवणे आणि नोंद करणे हे सारे बसवायचे असेल, तर ‘घाबरू नका’ यापलीकडे काही सांगायला उसंत उरत नाही. ‘घाबरू नका’ ही माहिती नव्हे. दाब का द्यायचा, किती सेकंद राहील, काय जाणवेल, कधी थांबवता येईल, हे सांगणे म्हणजे माहिती. पाळी येण्याआधीच्या दिवसांत स्तन दुखरे असतात, म्हणून शक्य असल्यास पाळीनंतरच्या आठवड्यातील वेळ घ्यावी; त्या दिवशी काखेत डिओडरंट किंवा पावडर लावू नये, कारण त्यांतील कण चित्रात कॅल्शियमसारखे दिसू शकतात आणि पुन्हा चित्र घेण्याची वेळ येते; एवढ्या दोन गोष्टी वेळ ठरवतानाच सांगितल्या तरी बराच त्रास वाचतो.

लेखात डिजिटल मॅमोग्राफी आणि टोमोसिंथेसिस, म्हणजे लोक ज्याला थ्रीडी मॅमोग्राफी म्हणतात ते तंत्र, यांचे वर्णन आहे. टोमोसिंथेसिसमध्ये क्ष-किरणांची नळी एका कमानीत फिरत कमी मात्रेची अनेक चित्रे घेते आणि संगणक त्यांतून स्तनाचे पातळ थर उभे करतो. अमेरिकेत २०११ मध्ये त्यास मान्यता मिळाली. लेख वाचून काही भगिनींचा असा समज होण्याचा संभव आहे की या तंत्रात स्तन दाबावा लागत नाही. तो दाबावा लागतोच, आणि नळी फिरेपर्यंत थोडा अधिक काळ स्थिर राहावे लागते. त्याचा खरा दिलासा दुसरीकडे आहे. एकमेकांवर पडलेल्या सावल्यांमुळे गाठीचा भास होऊन स्त्रीला पुन्हा बोलावण्याचे प्रमाण त्यामुळे बऱ्याच ठिकाणी घटले आहे. ‘चित्रात काहीतरी दिसते आहे, पुन्हा या’ या निरोपानंतरचे दिवस कसे जातात हे ज्या घराने अनुभवले आहे त्यालाच कळेल. अशा निरोपांपैकी बहुतेकांच्या मागे कर्करोग नसतो, हे निरोपातच लिहिलेले असावे असे मला नेहमी वाटत आले आहे. रुग्णाच्या त्रासाचा विचार करताना या काळजीचाही हिशेब धरला पाहिजे.

दाट स्तनांचा प्रश्न मात्र अधिक अवघड आहे आणि तेथे अचूकता व त्रास यांची ओढाताण स्पष्ट दिसते. ज्या स्तनांत चरबी कमी आणि ग्रंथी व तंतू जास्त, ते मॅमोग्राममध्ये पांढरे दिसतात. कर्करोगही पांढराच दिसतो. त्यामुळे गाठ लपते, आणि अशा स्त्रियांना कर्करोगाचा धोकाही काहीसा अधिक असतो. स्तन दाट आहेत की नाहीत हे हाताला कळत नाही, चित्रातच कळते. म्हणून ते अहवालात लिहून स्त्रीला सांगितले पाहिजे असा नियम अमेरिकेत सप्टेंबर २०२४ पासून देशभर लागू झाला. पण सांगितल्यावर पुढे काय? जपानमध्ये चाळिशीतील सुमारे ७३ हजार स्त्रियांच्या अभ्यासात मॅमोग्राफीला सोनोग्राफीची जोड दिल्यावर कर्करोग पकडण्याची क्षमता ७७ टक्क्यांवरून ९१ टक्क्यांवर गेली, मात्र विनाकारण पुढील तपासण्या कराव्या लागलेल्या स्त्रियाही वाढल्या. नेदरलँड्समध्ये अतिशय दाट स्तन असलेल्या ४० हजारांहून अधिक स्त्रियांच्या चाचणीत, ज्यांना एमआरआयसाठी बोलावले त्या गटात दोन तपासण्यांच्या मधल्या काळात उद्भवणारे कर्करोग हजारी ५ वरून २.५ वर आले. २०१९ मध्ये हा निष्कर्ष आला तेव्हा त्याचे सर्वत्र स्वागत झाले आणि ते योग्यच होते.

पण त्याच अभ्यासातील दुसरा आकडा फारसा कोणी सांगत नाही. बोलावलेल्या स्त्रियांपैकी एमआरआय करून घेतला तो ५९ टक्क्यांनी. एमआरआयमध्ये स्तन दाबावे लागत नाहीत हे खरे. पण पालथे पडून, हातात सुई लावून, शिरेतून चित्र ठळक करणारे गॅडोलिनियमचे औषध घेऊन, कानठळ्या बसवणाऱ्या आवाजात अरुंद बोगद्यात निश्चल राहावे लागते. बंद जागेची भीती असलेल्या स्त्रीला हे पॅडलच्या दाबापेक्षा भयंकर वाटू शकते. म्हणून जर्मनीतील क्रिस्टियाने कूल यांनी २०१४ मध्ये मांडलेल्या संक्षिप्त एमआरआयचे मोल मला फार वाटते. सतरा मिनिटांच्या चित्रीकरणाऐवजी सुमारे तीन मिनिटांत आवश्यक तेवढीच चित्रे घेऊनही कर्करोग सापडतो असे त्यांनी दाखवले. ब्रिटनमध्ये दाट स्तनांच्या नऊ हजारांहून अधिक स्त्रियांवर झालेल्या आणि २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, मॅमोग्राम निर्दोष आलेला असतानाही संक्षिप्त एमआरआयने हजारी सुमारे १७, शिरेतून औषध देऊन काढलेल्या मॅमोग्रामने सुमारे १९, तर स्वयंचलित सोनोग्राफीने सुमारे ४ कर्करोग पकडले. यांतील सर्वात सुसह्य तपासणी, म्हणजे सोनोग्राफी, सर्वात कमी पकडते, हे वास्तव लपवून उपयोग नाही. स्त्रीसमोर दोन्ही बाजू मांडाव्यात आणि निवड तिला करू द्यावी.

निवडीचा विषय निघालाच आहे तर आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे, कारण मीही तपासणीची पुरस्कर्ती आहे आणि पुरस्कर्त्यांकडूनच ती बहुधा राहून जाते. वर उल्लेखिलेल्या ब्रिटिश समितीने असेही म्हटले होते की वीस वर्षे बोलावलेल्या दहा हजार स्त्रियांमागे ४३ मृत्यू टळतात, पण १२९ स्त्रियांमध्ये असा कर्करोग सापडतो जो त्यांच्या हयातीत कधीच त्रास देणारा नव्हता. आणि कोणता त्रास देईल व कोणता नाही हे त्या क्षणी सांगता येत नसल्याने त्यांच्यावरही शस्त्रक्रिया आणि उपचार होतात. तपासणी टाळावी असा याचा अर्थ नाही. पण जे स्त्रियांना ही माहिती न देता केवळ भीती घालून बोलावतात, त्यांना पुढे वेदनेची तक्रार ऐकून घेण्याचीही गरज वाटत नाही, असे मी पाहिले आहे.

कृत्रिम बुद्धिमत्तेविषयी लेखात बरेच आले आहे, म्हणून मी थोडक्यात लिहिते. स्वीडनमधील ८० हजारांहून अधिक स्त्रियांच्या चाचणीचे २०२३ मधील निष्कर्ष खरोखर आश्वासक आहेत. दोन रेडिओलॉजिस्टनी, म्हणजे अशी चित्रे वाचणाऱ्या तज्ज्ञ डॉक्टरांनी, प्रत्येक चित्र वाचण्याच्या नेहमीच्या पद्धतीत हजारी ५.१ कर्करोग सापडले, संगणकाची मदत घेतल्यावर ६.१, आणि वाचनाचे काम ४४ टक्क्यांनी कमी झाले. वाचलेला हा वेळ कोणाच्या वाट्याला जाणार, हा माझा प्रश्न आहे. अहवाल लवकर मिळाला तर स्त्रीची काळजीचे दिवस मोजण्यातून सुटका होईल. रेडिओलॉजिस्टला तिच्याशी चार शब्द बोलता आले तर फारच उत्तम. पण त्या वेळेत आणखी चित्रे काढण्याचा आग्रह धरला गेला, तर चित्र घेणाऱ्या तंत्रज्ञाचा वेळ आणखी आखडेल आणि दाब समजावून सांगण्याची ती दोन मिनिटेही जातील. व्हीलचेअरवर असलेली स्त्री, खांदा वर न उचलता येणारी वृद्धा, स्तनांत इम्प्लांट असलेली किंवा पूर्वी शस्त्रक्रिया झालेली स्त्री, यांना तर दुप्पट वेळ लागतो. यंत्र खाली आणता येते, बसून चित्र घेता येते, हे त्यांना कोणी सांगत नाही आणि त्या येणेच सोडून देतात.

माझी मागणी साधी आहे. मॅमोग्राफी केंद्राचा दर्जा तपासताना चित्राची स्पष्टता, किरणांची मात्रा, पुन्हा बोलावण्याचे प्रमाण हे सारे पाहिले जाते. त्यात दोन नोंदींची भर घालावी. तपासणी संपताच प्रत्येक स्त्रीला शून्य ते दहा या मापात वेदना किती झाली हे विचारून ते अहवालाजवळ लिहावे, आणि दिलेल्या बलाबरोबर दाबाचा आकडाही जपून ठेवावा. पुढील वेळी ती स्त्री आली की तंत्रज्ञापुढे मागील आकडे असतील. कोणत्या केंद्रात, कोणत्या यंत्रावर, कोणत्या पॅडलने स्त्रियांना जास्त दुखते हे समजेल. आणि जी पुन्हा आली नाही तिच्या नावापुढे निदान एक सुगावा राहील. शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला वेदना विचारून नोंदवणे आज कोणालाही वावगे वाटत नाही, मग येथेच संकोच कशाचा?

आता शेवटचा मुद्दा, आणि तो थेट आपल्याशी संबंधित आहे. मॅमोग्राफी दुखते या अनुभवाचा फायदा घेऊन ‘स्पर्श नाही, दाब नाही, किरण नाहीत’ असे सांगणाऱ्या तपासण्यांच्या जाहिराती वाढत आहेत. त्यांत थर्मोग्राफी, म्हणजे त्वचेच्या तापमानाचे रंगीत चित्र, अग्रभागी असते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने एकाहून अधिक वेळा बजावले आहे की थर्मोग्राफी ही मॅमोग्राफीला पर्याय नाही आणि एकट्या तिच्या भरवशावर कर्करोगाची चाळणी करता येत नाही. न दुखणारी प्रत्येक पद्धत खोटी असते असे मी म्हणत नाही. दाब न देता स्तनाचे सीटी चित्र काढणाऱ्या यंत्राला अमेरिकेत २०१५ मध्ये मान्यता मिळाली आहे. पण ती निदानासाठी आहे, निरोगी स्त्रियांच्या चाळणीसाठी नाही, आणि हा फरक जाहिरातीत लिहिला जायला हवा. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने प्रशिक्षित आरोग्यसेविकांकडून हातांनी होणाऱ्या स्तनतपासणीचा अभ्यास दीड लाखांहून अधिक स्त्रियांवर दीर्घकाळ केला. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सर्व वयोगटांत मिळून मृत्यूंतील घट निर्णायक म्हणण्याइतकी नव्हती, पन्नाशी व त्यापुढील स्त्रियांत मात्र ती जवळजवळ ३० टक्के होती. ना यंत्र, ना किरण; तरीही त्या संशोधकांनी वर्षानुवर्षे मोजमाप केले आणि जे आढळले ते, गैरसोयीच्या भागासकट, जगापुढे ठेवले. सुखद तपासणी विकणाऱ्याने निदान एवढा पुरावा आणावा, अशी अपेक्षा करणे गैर ठरणार नाही.

म्हणून आपणास विनंती आहे की, स्तनाच्या कर्करोगाच्या ‘वेदनारहित’ तपासणीची जाहिरात आपल्या कार्यालयात आली, तर ती चाळणीसाठी मान्यता मिळालेली पद्धत आहे की नाही हे जाहिरातदाराकडून लेखी मागावे आणि उत्तर न मिळाल्यास ती जाहिरात नाकारावी. आपल्या आरोग्य पुरवणीने या विषयावर पुन्हा लिहावे, आणि त्या वेळी यंत्र बनवणाऱ्यांबरोबरच, तपासणीला एकदा येऊन पुन्हा न आलेल्या काही स्त्रियांनाही विचारावे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त मॅमोग्राफी तंत्रज्ञ